गृहपाठ-नियोजक : नोंदीची मर्यादा आणि अभ्यासाचे स्वरूप

१

विद्यार्थ्याला आपला गृहपाठ लिहून ठेवता यावा, तो कोणत्या दिवशी द्यावयाचा हे ध्यानात राहावे आणि पुरा झालेला गृहपाठ बाजूला काढता यावा, एवढ्या हेतूने तयार केलेली लहानमोठी वेब-ॲपे आज पुष्कळ आढळतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा तर हा आवडता प्रकल्पविषय होय. ज्याच्यासाठी साधन करावयाचे तो आणि ते करणारा, हे दोघे या विषयात बहुधा एकाच वयाचे व एकाच अनुभवाचे असतात. त्यामुळे अशा ॲपांना एक प्रकारचा जिव्हाळा आपोआप लाभतो. परंतु एकदा तयार झालेल्या ॲपात 'सुधारणा' करावयाची म्हटली की तिची दिशा सहसा ठरलेली असते. प्रत्येक विषयाला निराळा रंग, मुदतीच्या आदल्या संध्याकाळी वाजणारी घंटा, किती काम झाले हे दाखविणारे टक्केवारीचे वर्तुळ, सलग किती दिवस काम केले याची मोजणी, अशी भर पडत जाते. या भरीने ॲप वाढते हे खरे; पण ते सुधारते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. कोरा नमुना हाही एक प्रकारचा मजकूरच असतो. कोणती माहिती विचारावी आणि कोणती विचारू नये हे ठरविताना नमुना तयार करणारा त्या व्यवहाराविषयीची आपली कल्पना व्यक्त करीत असतो, आणि तो भरणाऱ्याच्या गळी ती कल्पना नकळत उतरत असते. गृहपाठाची नोंद ज्या रकान्यांत होते त्या रकान्यांतून गृहपाठाचा अर्थही घडतो. म्हणून गृहपाठ-नियोजक हा समीक्षेचा विषय होऊ शकतो. त्याची रचना, त्याची भाषा आणि त्याने गृहीत धरलेला विद्यार्थी या तिन्हींची तपासणी केल्यावाचून त्याच्या सुधारणेविषयी काही निश्चित म्हणता येणार नाही.

२

या प्रकारच्या बहुतेक ॲपांचा गाभा चार रकान्यांचा असतो : विषय, कामाचे वर्णन, मुदत आणि स्थिती. स्थितीचे प्रकार बहुधा दोनच. काम एक तर प्रलंबित असते किंवा पूर्ण झालेले असते. ही रचना इतकी सवयीची झाली आहे की तिला काही कुळ असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः तिचे कुळ उघड आहे. कचेरीतील आवक-जावक बारनिशीत पत्र कोणत्या तारखेस आले, कोणाकडे गेले आणि ते निकाली निघाले किंवा नाही, एवढेच नोंदविलेले असते. पत्रातील मजकूर समजला काय, दिलेला निर्णय योग्य होता काय, हे बारनिशी विचारीत नाही. तिने ते विचारावे अशी अपेक्षाही नसते.

शाळेजवळ मात्र नोंदीची याहून निराळी अशी दोन साधने पूर्वीपासून होती. पहिले म्हणजे शाळेची दैनंदिनी. तीत गृहपाठ लिहून न्यावयाचा, शिक्षकाने शेरा द्यावयाचा आणि पालकाने सही करावयाची. तीन माणसांना एका पानावर आणणे हे तिचे काम. दुसरे साधन म्हणजे खुद्द गृहपाठाची वही. विद्यार्थ्याचे उत्तर, त्यावर तांबड्या शाईने केलेली खूण, समासातील शेरा आणि खाली विद्यार्थ्यानेच पुन्हा लिहिलेली दुरुस्ती, एवढा सारा व्यवहार तीत एकत्र राहतो. वहीची पाने मागे उलटली तर विद्यार्थी कोठे अडत होता आणि कधीपासून अडेनासा झाला हे दिसू शकते.

आजच्या नियोजकाने बारनिशीपासून जवळजवळ सर्व काही घेतले, दैनंदिनीपासून थोडे घेतले आणि वहीपासून काहीच घेतले नाही. याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आठवीतील विद्यार्थ्याला अवयव पाडण्याची दहा उदाहरणे घरी करावयास दिली, असे समजावे. त्याने ती केली. सात बरोबर आली, तीन चुकली. नियोजकाच्या दृष्टीने हा गृहपाठ 'पूर्ण' झाला. तो यादीतून नाहीसा होतो आणि टक्केवारीचे वर्तुळ किंचित भरते. परंतु अभ्यासाच्या दृष्टीने खरे काम त्या तीन चुकलेल्या उदाहरणांपासून सुरू होते, आणि नेमक्या त्यांनाच नियोजकात जागा नाही. जे साधन चुकीला जागा देत नाही ते अभ्यासाचे साधन नव्हे. ते फार तर हजेरीचे साधन होय. नियोजकाचा मूळ दोष त्यात सोयी कमी आहेत हा नसून, त्याने 'काम देणे' आणि 'काम शिकणे' या दोन क्रिया एक मानल्या हा आहे.

३

गृहपाठाची रचना बदलण्याचे जे दोन मोठे प्रयोग अलीकडच्या काळात महाराष्ट्रात झाले त्यांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. एक मोबाईलवर झाला, दुसरा कागदावर.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्यानंतर पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने घरच्या अभ्यासासाठी काही उपक्रम हाती घेतले. त्यांपैकी 'स्वाध्याय' हा उपक्रम त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झाला. विद्यार्थ्याला व्हॉट्सॲपवरून ठराविक काळाने बहुपर्यायी प्रश्नांचा संच मिळावा आणि त्याने तेथेच उत्तरे द्यावीत, अशी ही योजना होती. निराळे ॲप घ्यावयास नको, निराळा संकेतशब्द ध्यानात ठेवावयास नको आणि बेताच्या मोबाईलवरही काम भागावे, हा तिचा मोठाच गुण. घराघरांत आधीच रुळलेल्या साधनाच्या आश्रयाने गेल्यामुळे ती दूरवर पोहोचू शकली. उत्तर दिल्याबरोबर ते बरोबर की चूक हे कळण्याची सोय ही नियोजकाच्या द्विमूल्य स्थितीपेक्षा एक पाऊल पुढची खचितच होती.

तथापि या योजनेचे नाव आणि तिचे रूप यांत अंतर होते. 'स्वाध्याय' हा शब्द मराठी विद्यार्थ्याला परका नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत पाठाच्या शेवटी येणाऱ्या प्रश्नांना हेच नाव आहे, आणि त्यामागे स्वतः, स्वतःसाठी, पुन्हा पुन्हा केलेले अध्ययन असा जुना अर्थ उभा आहे. पर्यायांतून एक निवडावयाचा, तोही बाहेरून ठरलेल्या वेळी, या क्रियेत 'स्व'ला कितपत वाव राहतो, हा प्रश्न उरतो. बहुपर्यायी प्रश्न निकाल लवकर देतो. पण विद्यार्थी चुकीच्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला हे तो सांगू शकत नाही. वहीत खोडलेली ओळ जे सांगते ते पर्यायाच्या क्रमांकात उरत नाही.

दुसरा प्रयोग २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातला. दप्तराचे ओझे विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये असा निर्णय राज्य शासनाने २०१५ सालीच घेतला होता. त्याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणून पाठ्यपुस्तकांचे भाग पाडण्यात आले आणि पाठांच्या जोडीला वहीची कोरी पाने बांधण्यात आली. वही निराळी न्यावी लागू नये हा हेतू. या पानांना दिलेले 'माझी नोंद' हे नाव मोठे अर्थपूर्ण होते. शैक्षणिक साधनांच्या नामकरणात प्रथमपुरुषी सर्वनाम विरळाच आढळते. येथे नोंद शाळेची नव्हे, पालकाची नव्हे, तर विद्यार्थ्याची स्वतःची मानली गेली होती आणि ती पाठाच्या अगदी शेजारी होती. परंतु व्यवहारात विद्यार्थी ही पुस्तके आणि शिवाय वह्याही नेत राहिले, आणि २०२५ च्या आरंभी शासनाने हा प्रयोग मागे घेतला. पाने मोजकी होती; लिहिण्याची गरज मात्र मोजकी नव्हती.

या दोन प्रयोगांतून नियोजकाच्या कर्त्याने घ्यावयाचा बोध परस्परपूरक आहे. 'स्वाध्याय'ने पोच आणि तत्काळ प्रतिसाद साधला, पण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनाला जागा ठेवली नाही. 'माझी नोंद'ने लेखनाला आणि स्वामित्वाला जागा दिली, पण कागदाच्या मर्यादेमुळे ती जागा अपुरी पडली. वेब-ॲपाला पानांची मर्यादा नाही आणि पोचही आहे. तेव्हा या दोहोंचा संयोग करणे त्याला शक्य आहे. तो सहसा होत नाही, याचे कारण तंत्राच्या अभावात नसून कल्पनेच्या अभावात शोधले पाहिजे.

४

कोणतेही साधन हवेत वापरले जात नाही. ते विशिष्ट घरांत, विशिष्ट वेळापत्रकात वापरले जाते. या दृष्टीने नवी मुंबईतील जुईनगरचा विचार करता येईल. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या शहराचा हा भाग सानपाडा आणि नेरूळ यांच्या मध्ये आहे. मुंबईहून पनवेलकडे जाणारा हार्बर मार्ग आणि ठाण्याहून येणारा मार्ग हे दोन्ही जुईनगर स्थानकावर येतात. म्हणजे ही वसाहत केवळ राहण्याची नसून जाण्यायेण्याचीही आहे. घरातील एक माणूस ठाणे-बेलापूर पट्ट्यात, दुसरे मुंबईत, आणि मूल एका नोडमधल्या शाळेत तर दुसऱ्या नोडमधल्या शिकवणीत, ही तेथे अपवादात्मक स्थिती नव्हे. शेजारीच शिरवण्यासारखे जुने गाव आहे. वसाहतीत महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि इतर प्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत. एकाच इमारतीत मराठी, इंग्रजी व हिंदी माध्यमांची आणि राज्य मंडळाची व केंद्रीय मंडळाची मुले असणे ही तेथील नित्याची गोष्ट होय.

अशा ठिकाणी गृहपाठ एका ठिकाणाहून येत नाही. शाळेचा गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येतो, शिकवणीचा दुसऱ्या गटावर, प्रकल्पाची सूचना शाळेच्या स्वतःच्या ॲपावर, आणि उरलेले फळ्यावरून वहीत. बहुतेक नियोजक मात्र एकच शाळा, एकच वर्ग आणि एकच शिक्षक असे चित्र मनात धरून रचलेले असतात. विखुरलेल्या सूचना एका ठिकाणी आणणे ही जुईनगरच्या विद्यार्थ्याची पहिली गरज होय. आणि ती भागविण्यासाठी प्रत्येक सूचना पुन्हा टंकावी लागणार असेल, तर दुसऱ्या आठवड्यात तो नियोजकाकडे फिरकणार नाही. आलेला मजकूर तसाच्या तसा चिकटवावा आणि नियोजकाने त्यातील विषय व तारीख सुचवावी, ही सोय दहा रंगांपेक्षा अधिक मोलाची आहे.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. वर्गाचा गट बहुधा पालकांचा असतो. म्हणजे गृहपाठ मुलाला दिला जात नाही. तो पालकाच्या मोबाईलला दिला जातो. संध्याकाळच्या गाडीत उभ्या असलेल्या आईला घरी पोहोचण्यापूर्वीच मुलाचा गृहपाठ कळलेला असतो, आणि घरी असलेल्या मुलाला तो आई आल्यावर कळतो. दिवसाचे जे दोन-तीन तास अभ्यासाला मिळू शकले असते ते केवळ बातमी येण्याची वाट पाहण्यात जातात. शिवाय हळूहळू असे होते की गृहपाठाची आठवण ठेवणे ही मुलाची जबाबदारी उरतच नाही. तो त्याच्यावर सोपविलेला नसतो. आईवर सोपविलेला असतो आणि त्याला आईकडून मिळतो. जे साधन या स्थितीत पालकाच्या मोबाईलवर आणखी एक घंटा वाजविते ते मुलाच्या परावलंबनात भरच घालते.

मोबाईल घरात असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांतील अंतर आकड्यांनीही दाखविता येते. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु अशा घरांतील मुलांपैकी सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. ही पाहणी ग्रामीण भागाची असल्याने तिचे आकडे नवी मुंबईला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण घरातील एकच मोबाईल दिवसभर कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर बाहेर जातो ही स्थिती शहरालाही अनोळखी नाही. म्हणून वेब-ॲप हे मोबाईलशी बांधलेले नसून कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते, हा त्याचा गुण येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. शाळेच्या संगणक-खोलीत, ग्रंथालयात किंवा शेजाऱ्याच्या संगणकावर मुलाला आपली नोंद पाहता यावी. जोडणी नसतानाही शेवटची यादी दिसावी. आणि साऱ्या आठवड्याची यादी एका पानावर छापून भिंतीला लावता यावी. छापील पानाची सोय ही मागासलेपणाची खूण मानली जाते. वस्तुतः एका मोबाईलच्या घरात ती समतेची सोय आहे.

५

नियोजकाचा दुसरा गाभा म्हणजे काळ. मुदत नोंदविली की वेळेचे नियोजन झाले, अशी एक समजूत या ॲपांच्या मुळाशी असते. ती तपासून पाहिली पाहिजे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले होते. त्यांच्या अंदाजाची सरासरी ३३.९ दिवस निघाली. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. मुदत ठाऊक नसल्यामुळे हे घडले असे नव्हे. कामाला किती वेळ लागेल याचा माणसाचा अंदाज नेहमीच आशावादी असतो, आणि मागील अनुभव तो हिशेबात घेत नाही. नियोजकाने या ठिकाणी साह्य करावयास हवे. काम सुरू करताना विद्यार्थ्याने अंदाज लिहावा, संपताना प्रत्यक्ष वेळ लिहावी आणि महिन्याभराने दोहोंतील अंतर त्याचे त्यालाच दिसावे. आठवण करून देणारी घंटा विद्यार्थ्याला आज हाकते; हे अंतर त्याला पुढच्या वर्षासाठी शहाणे करते.

त्या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो शाळेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर-धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ असू नये, तिसरी ते पाचवीला आठवड्यातून जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तास आणि पुढील वर्गांना रोज जास्तीत जास्त दोन तास, अशी मर्यादा सुचविली आहे. पण माध्यमिक शाळेत ही मर्यादा मोजावयाची कोणी? गणिताच्या शिक्षकास विज्ञानाच्या शिक्षकाने काय दिले हे ठाऊक नसते. प्रत्येकाचा गृहपाठ एकेकटा पाहिला तर माफकच असतो. त्यांची बेरीज केवळ विद्यार्थ्याच्या पाठीवर होते. ही बेरीज दृष्टीस पडेल असे एकच ठिकाण आहे, आणि ते म्हणजे विद्यार्थ्याचा नियोजक. एखाद्या इयत्तेचा गृहपाठ गुरुवारी साडेतीन तासांचा झाला, हे त्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या एकत्रित आणि नाव नसलेल्या नोंदीवरून शिक्षकांना कळले, तर नियोजकाची नजर मुलावरून उठून गृहपाठावर पडेल. आजवर या साधनाने विद्यार्थ्याला जाब विचारला आहे. तितक्याच सहजतेने ते गृहपाठाला जाब विचारू शकते.

काळाचा तिसरा पैलू विस्मरणाचा आहे. हरमान एबिंगहाउसने १८८५ सालीच स्वतःवरील प्रयोगांनी दाखविले की पाठ केलेले बरेचसे लवकरच विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका दमात केलेल्या पाठांतरापेक्षा कमी श्रमात अधिक टिकते. सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली याच तत्त्वावर पत्त्यांच्या पेटीची रीत मांडली. जो पत्ता चुकला तो पहिल्या कप्प्यात परत जावयाचा आणि लवकर समोर यावयाचा; जो साधला तो पुढच्या कप्प्यात, उशिरा यावयाचा. या पेटीत चूक हाच व्यवस्थेचा आधार आहे. नियोजकात नेमके याच्या उलट घडते. त्यात जे संपले ते दृष्टीआड होते. वर दिलेल्या उदाहरणातील तीन चुकलेली उदाहरणे तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी पुन्हा समोर आली, तर ॲप प्रथमच अभ्यासाच्या बाजूला उभे राहील. याला मोठे तंत्र लागत नाही. 'पूर्ण' या खुणेनंतर 'कोठे अडले?' असा एकच रकाना आणि त्यात लिहिलेले परत आणणारी एक तारीख, एवढे पुरेसे आहे.

६

आता भाषेचा विचार. मराठी पर्याय देणाऱ्या ॲपांत मराठी बहुधा शेवटी येते; आराखडा दुसऱ्या भाषेत झालेला असतो आणि शब्द मागाहून बसविले जातात. याची पहिली खूण म्हणजे संबोधन. पाचवीतल्या मुलाला त्याची आई, शिक्षक आणि मित्र सारे 'तू' म्हणतात. ॲप मात्र त्याला 'आपण' म्हणते आणि त्याचा गृहपाठ 'प्रलंबित' असल्याचे कळविते. या वाक्यरचनेला नोटिशीचा वास येतो. आदरार्थी बहुवचन मराठीत नेहमीच आदर दाखवीत नाही. लहान मुलाच्या बाबतीत ते दुरावाही दाखविते. दुसरी खूण लिंगाची. मराठीत निबंध 'लिहिला' जातो, कविता 'पाठ केली' जाते आणि गणित 'सोडविले' जाते. एकाच साच्यात नाम बदलून बसविणारे ॲप यांपैकी दोन ठिकाणी चुकणारच. वर्गात ज्या विद्यार्थ्याच्या वहीतील लिंगदोष खोडले जातात त्याच्याच गृहपाठाच्या साधनात ते रोज छापून यावेत, हा विरोधाभास लहान नाही.

लिपीच्या पातळीवरील प्रश्न अधिक सूक्ष्म, पण अधिक अडविणारे आहेत. 'ॲ' हे अक्षर यूनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते. एकदा ते स्वतंत्र अक्षर म्हणून, जे २००८ साली संचात आले. आणि एकदा 'अ'वर चंद्राची खूण जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. संगणकाला ती दोन निराळी अक्षरे वाटतात आणि यूनिकोडची प्रमाणीकरणाची ठरलेली रीतही त्यांना एक मानीत नाही. त्यामुळे एका कळफलकावर 'ॲसिड' असे लिहून ठेवलेली रसायनशास्त्राची नोंद दुसऱ्या कळफलकावरून शोधली असता सापडत नाही. 'ऱ्हास', 'दुसऱ्या' यांतील 'ऱ' मात्र दोन प्रकारे लिहिला असला तरी तीच रीत लावल्यास एक होतो. म्हणजे एके ठिकाणी ठरलेला उपाय लागू पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो कर्त्याने स्वतः योजावा लागतो. अंकांचेही तसेच आहे. कोणी देवनागरीत 'प्रकरण ३' लिहील, कोणी तोच अंक रोमन पद्धतीने लिहील. दोन्ही एकच समजले गेले पाहिजेत. शोध निष्फळ झाला तर विद्यार्थी लिपीला दोष देत नाही. मराठीत लिहिले म्हणून सापडले नाही अशी त्याची समजूत होते आणि पुढची नोंद तो मराठीत करीत नाही. साधनातील एवढीशी त्रुटी भाषेच्या वापरावर परिणाम करून जाते.

७

येथवर सुचविलेल्या सुधारणांत विद्यार्थ्याच्या चुका, त्याला लागलेला वेळ आणि त्याचे अडलेले ठिकाण नोंदविण्याचा आग्रह आहे. ही माहिती जितकी उपयुक्त तितकीच नाजूक आहे. मुलाच्या चुकांची यादी ही त्याच्या मनाची एक प्रकारे रोजनिशीच होय. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ साली महासाथीच्या काळातील शैक्षणिक ॲपांचा जो आंतरराष्ट्रीय आढावा प्रसिद्ध केला त्यात मुलांची माहिती जाहिरातदारांपर्यंत पोहोचविणाऱ्या अनेक साधनांवर ठपका होता. भारतातील 'दीक्षा' ॲपाला मुलांचे नेमके ठिकाण टिपण्याची क्षमता असल्याचेही त्यात नमूद होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक केली आहे, आणि बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्याला हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. या अधिनियमाचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने अमलात येण्यासाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. शैक्षणिक संस्थांना त्यांच्या शैक्षणिक कार्यापुरती काही सवलत आहे. परंतु कोणीही केलेल्या प्रत्येक ॲपाला ती आपोआप मिळते असे समजू नये.

कायद्यापलीकडेही एक विवेक आहे. अडलेल्या ठिकाणाची नोंद प्रथम विद्यार्थ्याची असावी. ती शिक्षकास दाखवावयाची की नाही हे त्याने ठरवावे. पालकास केवळ गृहपाठाचे वेळापत्रक दिसावे, चुकांचा हिशेब नव्हे. आणि वर्ष संपल्यावर ती पुसता यावी. जेथे चूक लगेच वर कळविली जाते तेथे मुले चूक लिहीत नाहीत, बरोबर उत्तर उतरवून घेतात. गुप्ततेचा प्रश्न हा येथे नीतीचा आहे तसाच तो अध्ययनाचाही आहे.

८

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की साधेपणा हाच नियोजकाचा गुण आहे. रकाने वाढविले की मुले ते भरणार नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे. साध्या यादीचेही मोल नाकारता येत नाही. अपुरे राहिलेले काम मनात घोळत राहते असे ब्लूमा झाइगार्निकने १९२७ साली मांडले. आणि मासिकाम्पो व बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असे दिसले की ते काम केव्हा व कसे करावयाचे हे नीट ठरविल्याने, काम पुरे होण्यापूर्वीच, तो घोळ कमी होतो. उद्याचे भूगोलाचे काम लिहून ठेवल्यामुळे ज्या मुलीला आजचे गणित निश्चिंतपणे करता आले तिच्यावर यादीने उपकारच केले. पण येथे सुचविलेली वाढ रकान्यांच्या संख्येची नाही. रंग, वर्तुळे आणि सलग दिवसांची मोजणी काढून टाकली आणि त्यांच्या जागी 'किती वेळ लागला?' व 'कोठे अडले?' हे दोन प्रश्न ठेवले, तर साधन पूर्वीपेक्षा साधेच होईल.

दुसरा आक्षेप मूलगामी आहे : गृहपाठच जर शंकास्पद असेल तर त्याच्या नियोजनाची एवढी चिकित्सा कशासाठी? हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली केलेल्या संशोधन-आढाव्यात गृहपाठ आणि संपादणूक यांचा संबंध सातवीपुढील वर्गांत अधिक स्पष्ट आणि लहान वर्गांत क्षीण आढळला. तेव्हा प्राथमिक शाळेतील मुलासाठी उत्तम नियोजक म्हणजे ज्यात लिहावयास फारसे काही नाही असा नियोजक होय, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु गृहपाठ किती आणि कोणासाठी हा वाद अंदाजांवर चालला आहे तोवर तो मिटणार नाही. मुलांना प्रत्यक्ष किती वेळ लागतो आणि ती कोठे अडतात हे कळले तरच त्या वादाला आधार मिळेल. म्हणजे गृहपाठाच्या विरोधकांनाही चांगल्या नोंदीची गरज आहे.

तात्पर्य, गृहपाठ-नियोजकाच्या सुधारणेची कसोटी त्यात किती सोयी वाढल्या ही नव्हे. काम संपल्याची खूण केल्यानंतर त्या कामाचे पुढे काय होते, ही होय. ती खूण होताच नोंद नाहीशी होत असेल, तर ॲप कितीही देखणे झाले तरी ते बारनिशीच राहील. ती नोंद चुकलेल्या ठिकाणी पुन्हा उघडत असेल, मुलाच्या स्वतःच्या हाती असेल, त्याच्या भाषेत सापडत असेल आणि गृहपाठाच्या ओझ्याविषयी शिक्षकांना काही सांगत असेल, तर तिला वहीची योग्यता येईल. जुईनगरच्या स्थानकावर संध्याकाळी उतरणाऱ्या पालकाला त्या दिवशी मुलाचा गृहपाठ सांगावा लागणार नाही; काय केले आणि कोठे अडले, हे मूलच त्याला सांगेल.